जरा सैलच ठेव

टक्. स्पीडब्रेकरवरून पुढचं चाक खाली उतरलं आणि माझ्या पायांखाली, पत्र्याच्या पलीकडे, एक सुका आवाज झाला. आवाजाचं मला काही वाटलं नाही. आमच्या लग्नाएवढी जुनी गाडी, ती कुरकुरणारच, माणसंही कुरकुरतात. मी दचकले ते दुसऱ्याच गोष्टीनं. हे काहीच बोलले नाहीत. शेजारी बसले होते, दोन्ही हात स्टिअरिंगवर, नजर समोर, चेहरा अगदी निवांत. आमचे हे म्हणजे जन्मभर भाड्याची गाडी चालवलेला माणूस. रस्त्यावरून जाणाऱ्या दुसऱ्याच्या गाडीच्या इंजिनाचा पट्टा ओरडला तरी ह्यांचा घास हातात थांबायचा. सिग्नलला उभं असताना शेजारच्या अनोळखी ड्रायव्हरला काच खाली करायला लावून सांगायचे, 'मागचा ब्रेक घासतोय तुमचा, आजच बघा,' आणि तो बिचारा वेड्याकडे बघावं तसा बघत राहायचा. आणि आता स्वतःच्या गाडीच्या पोटात, मी स्वतः लेथवर बनवलेल्या बुशात, कुणी हातोडी मारावी तसा आवाज झाला आणि ह्यांच्या कपाळावर साधी आठी नाही. मी म्हटलं, "फार झालाय हो आता." हे म्हणाले, "हो ना, फारच." आणि थोड्या वेळानं, समोरची झापड खाली ओढत, "ऊन फारच झालंय आज." मी पुढच्या स्पीडब्रेकरची वाट बघायला लागले.

नवरा ऐकत नाही ही काही बातमी नव्हे. कुठल्याही बाईला विचारा. या कानानं ऐकायचं आणि त्या कानानं सोडून द्यायचं, हा नवऱ्यांचा धर्मच आहे. त्यामुळे गेल्या वर्षभरात मी ह्यांना दोनदा हाक मारायला लागले, मग तीनदा, मग जवळ जाऊन खांद्याला हात लावायला लागले, आणि दर वेळी 'नेहमीचंच' म्हणून कपाळाला हात लावून पुढच्या कामाला लागले. टीव्हीचा आवाज वाढला तेव्हा मी टीव्हीला नावं ठेवली. फोनवर हे नुसतंच 'बरं, बरं, ठेवतो' म्हणायला लागले तेव्हा फोनला नावं ठेवली. लेक म्हणाली, "आई, बाबा हल्ली फार हसतात गं, काहीही सांगितलं की हसतात," तेव्हा मला उलट बरं वाटलं, म्हातारपणी का होईना माणूस हसायला शिकला. दुसरा स्पीडब्रेकर आला. टक्. या वेळी मी रस्त्याकडे बघतच नव्हते, ह्यांच्याकडे बघत होते. चेहरा तसाच होता. पण स्टिअरिंगवरची बोटं क्षणभर उघडली आणि परत मिटली, अगदी आवाजाबरोबर. ते बघून मला काय वाटलं ते मला तेव्हा सांगता आलं नसतं.

ह्यांच्या कानांवरच तर माझं लग्न झालं. माझे वडील टर्नर, घरामागच्या शेडमध्ये त्यांचं लेथ. मुलगा नाही म्हणून नव्हे, मला दुसरं काही आवडायचं नाही म्हणून त्यांनी मला त्या लेथवर उभं केलं. हे तेव्हा नवखे ड्रायव्हर, मालकाच्या गाडीची पिन घेऊन आले होते. दारात उभं राहून काम होईपर्यंत वाट बघत होते, आणि जाता जाता म्हणाले, "काका, तुमच्या मशीनची मागची बेअरिंग जाणार आहे." वडील असे भडकले की विचारू नका. चाकं फिरवणाऱ्या पोरानं आपल्या मशीनला नाव ठेवावं म्हणजे काय. पोराला त्यांनी हाकलूनच दिलं. मी मात्र नंतर किती तरी दिवस लेथ चालू करून, डोळे मिटून, मान तिरकी करून ऐकत उभी राहायची. मला काहीच ऐकू यायचं नाही. नेहमीचाच आवाज, लहानपणापासून ज्याच्यात मी झोपले तो. मग एके दिवशी काम चालू असताना बेअरिंग फुटली, आणि वडील त्या फुटक्या गोळ्या तळहातावर घेऊन बराच वेळ बसून राहिले. संध्याकाळी आईला म्हणाले, "त्या पोराचं घर कुठाय ते बघायला पाहिजे." असं झालं ते. मला कुणी विचारलं नाही, आणि विचारलं असतं तरी मी हो म्हटलं असतं, कारण जो माणूस दारात उभा राहून एवढं ऐकतो तो आपलंही ऐकेल, असं मला त्या वयात वाटत होतं. प्रत्यक्षात हे गाड्यांचंच जास्त ऐकायचे, ती गोष्ट वेगळी.

बुशांचं काम निघालं ते हिवाळ्यात. पुढच्या चाकाला धरून ठेवणारा जो खालचा आर्म असतो, त्याच्या भोकात रबरी बुश असतं. त्यातून पिन जाते, आर्म वरखाली होतो, आणि रस्त्याचे धक्के ते रबर गिळून टाकतं. हे एक दिवस शेडमध्ये आले आणि म्हणाले, "रबरी बुशं मिळत नाहीत आता या गाडीला. कंपनीनं बंद केलीत. तू गनमेटलची करून दे." मला आनंदच झाला, खोटं कशाला बोलू. माझ्या हातचं काम ह्यांच्या गाडीत बसणार. मी सांगितलं की धातू काही रबरासारखा धक्का गिळणार नाही, रस्त्यातला खडा न् खडा हातात येईल, कमरेत येईल. हे म्हणाले, "येऊ दे." मग मी गनमेटलचा दांडा लेथच्या चकमध्ये, त्या फिरत्या जबड्यात, धरला आणि कामाला लागले. या कामात खरी गंमत मापाची असते. बुश बाहेरून आर्मच्या भोकापेक्षा नखभर जाड ठेवायचं, म्हणजे ते दाबूनच आत बसतं आणि हलत नाही. पण दाबलं की ते आवळलं जातं आणि त्याचं आतलं भोक लहान होतं. नवशिका इथेच फसतो. टेबलावर पिन छान फिरते म्हणून खूश होतो, आणि बुश आर्ममध्ये बसवलं की तीच पिन आत शिरत नाही. म्हणून आतलं माप शेवटी करायचं, बुश बसल्यावर, भोक आतून खरवडणारा रीमर फिरवून, आणि तेही सगळं गार झाल्यावर. गरम धातूचं माप घेऊ नये, तो खोटं सांगतो, असं वडील म्हणायचे. पिन आणि बुशाच्या मध्ये अर्ध्या केसाएवढी जागा ठेवायची. ग्रीसला राहायला तेवढी पुरते. जागा जास्त झाली तर पिन आपटते, कमी झाली तर जळते. मी असं सगळं मापात आणून ठेवलं आणि हे शेजारी उभे राहून म्हणाले, "जरा सैलच ठेव."

मी म्हटलं, "का?" तर म्हणे, स्टिअरिंग जड होतं. असं काही होत नसतं. पण हे हट्टाला पेटले, आणि ज्या माणसानं इतक्या वर्षांत माझ्या मापाला कधी बोट लावलं नाही तो असं म्हणतोय म्हणजे त्याला गाडीतलं काही तरी कळत असणार, असं मी धरून चालले. रीमर आणखी एकदा फिरवला. हात नको म्हणत होता. स्वयंपाक करणाऱ्या बाईला कुणी मुद्दाम मीठ जास्त टाक म्हटलं तर कसं वाटेल, तसं मला वाटलं. पिन आत सोडली तर ती टपकन खाली पडली. हे म्हणाले, "झकास." त्या दिवसापासून मी त्या गाडीत बसायचं टाळतच होते. तो आवाज मला ऐकायचाच नव्हता, आणि आज लेकीसाठी औषधं आणायला म्हणून बसले तर हे असं.

घरी आल्यावर मी गाडी जॅकवर घ्यायला लावली. चाक दोन्ही हातांनी धरून हलवलं तर खळखळ हललं. सैल होतं ते आता खाऊन आणखी सैल झालं होतं, भोक एका बाजूनं लांबट झालेलं. असं चाक वेगात असताना आपल्या मनानं इकडेतिकडे भटकतं. आणि रविवारी ह्याच गाडीतून लेकीला आणि तिच्या बाळाला तिच्या घरी सोडायचं होतं. बाळंतपणासाठी आलेली, पोटावरचे टाके अजून ओले, बाळ मुठीएवढं. आतल्या खोलीत दोघं झोपली होती. हे दारात पाण्याचा तांब्या घेऊन उभे होते. मी म्हटलं, "नवी बुशं करते. रविवारच्या आत." ते माझ्या तोंडाकडे टक लावून बघत होते, आणि मला एकदम जाणवलं की हल्ली हे असंच बघतात, डोळ्यांत नव्हे, ओठांकडे. "कर," हे म्हणाले, "पण जास्त घट्ट करू नकोस."

गनमेटलचा दांडा संपला होता म्हणून मी सुट्या भागांच्या दुकानात गेले. दुकानदाराला सगळे चिकट्या म्हणतात. त्याचे हातही चिकट आणि स्वभावही. एक वॉशर उधार देणार नाही, पण गप्पा फुकट. मी दांडा मागितला. तो म्हणाला, "काय वहिनी, पुन्हा बुश का? एवढा खटाटोप कशाला करता? रबरी घेऊन जा की." मी म्हटलं, "मिळतात कुठे?" त्यानं वरच्या फळीवर हात घातला आणि धूळ झटकून एक खोकं माझ्यापुढे ठेवलं. काळी, नवी, मऊ बुशं, आमच्याच गाडीची. "कायम असतात. हिवाळ्यात तुमच्या साहेबांनाही दाखवली होती. त्यांनी दाबून बघितली, वास घेतला, आणि म्हणाले, नको. म्हणाले, रबरात काही कळत नाही. मी म्हटलं, काय कळायचंय? तर नुसते हसले." मी दांडा घेतला. चिकट्यानं आणखी काय काय सांगितलं ते माझ्या डोक्यात शिरलं नाही. दुकानातून बाहेर पडताना माझ्या कानांत तेवढंच राहिलं होतं, रबरात काही कळत नाही.

रस्त्यात मी एक वेडेपणा केला. दांडा काखेत धरला, दोन्ही कानांत बोटं घातली आणि तशीच चालायला लागले. लोक बघत होते, बघेनात का. सगळं लांब गेलं. गाड्या काचेपलीकडून जाव्यात तशा निघून जात होत्या. एक बाई समोरून तोंड हलवत गेली, कुणाशी बोलत होती कोण जाणे. पायांना मात्र रस्ता जास्त कळायला लागला, फरशीची फट, खडी, झाकणाची लोखंडी कड. एवढं सगळं पायांना कळतं हे मला माहीतच नव्हतं. आणि मग एक सायकलवाला माझ्या खांद्याला घासून पुढे गेला आणि वळून काही तरी बोलला, शिवी असणार. तो घंटी वाजवत आला असणार. मी बोटं काढली. मला एकदम राग आला, असा की डोळ्यांत पाणी आलं. मला दुःख व्हायला हवं होतं, दया यायला हवी होती. आला तो राग. वर्षभर हा माणूस असा गाडी चालवतोय. मागे लोक बसवतोय. कुणाची आई, कुणाचं पोर. आणि माझ्याकडून खोटं सांगून बुशं करून घेतली, माझ्या हातून माझं माप बिघडवलं, आणि मला एका शब्दानं सांगितलं नाही. इतकी वर्षं एका ताटात जेवतो आपण. मी काय परकी होते?

शेडमध्ये आले तर हे माझ्याकडे पाठ करून बसले होते, जुनी पिन रॉकेलनं पुसत. मी दारातच थांबले. हळूच म्हटलं, "आले मी." काही नाही. पिन फिरवत होते. मग नेहमीच्या आवाजात म्हटलं, "तुम्हाला ऐकू येत नाही." पाठ हलली नाही. शर्ट खांद्यावर उसवला होता, शिवायला हवा होता. माझ्या तोंडून मग काय काय निघालं. "तुम्ही खोटारडे आहात," मी म्हटलं. "रविवारी मी तुम्हाला गाडी चालवू देणार नाही, लेकीचं बाळ आहे मागे, कळलं का?" मग म्हटलं, "मला फार भीती वाटते हो. तुम्ही घराबाहेर पडलात की मला आता रोज भीती वाटणार." हे तर मी कधी तोंडावर बोललेच नसते. आमच्यात असलं बोलायची रीत नाही. ह्यांनी पिन उजेडात धरली, एक डोळा बारीक केला, परत पुसायला घेतली. पाठीमागे सगळं सांगून झालं होतं आणि कुणालाच काही कळलं नव्हतं. मी जाऊन खांद्याला हात लावला. हे दचकले, वळले आणि हसले. "आलीस? मिळाला दांडा?"

मी दांडा चकमध्ये आवळला, लेथ चालू केलं, ह्यांचा हात धरून चकमागच्या लोखंडी पेटीवर ठेवला आणि टूल पुढे घेतलं. का केलं ते मला नीट सांगता येणार नाही. बहुतेक मला बघायचंच होतं, की काय कळतं त्या हाताला. गनमेटलचा पिवळा कीस उडायला लागला. हे आधी गोंधळले, मग हात तिथेच राहिला. तळवा सपाट, बोटं जराशी उचललेली, डोळे अर्धे मिटलेले. वडिलांच्या दारात उभे होते तेव्हाचाच चेहरा. मी काम करत राहिले. बऱ्याच वेळानं हे म्हणाले, "टूलची धार गेली." मी म्हटलं, छे, आत्ताच लावलीय. पण टूल मागे घेऊन बोट फिरवलं तर कोपरा खरंच बसला होता. मला ना दिसलं होतं, ना ऐकू आलं होतं. मी मशीन बंद केलं. शेड एकदम शांत झाली, म्हणजे मला तरी. मी ह्यांच्या समोर उभी राहिले, तोंड उजेडाकडे करून, आणि सावकाश म्हटलं, "चिकट्याकडे रबरी बुशं आहेत."

हे माझ्या ओठांकडे बघत राहिले. शब्द कळला होता, कारण हात पेटीवरून खाली आला. मग चड्डीतल्या पोरासारखे स्टुलावर बसले. "रबर बसवलं असतं तर गाडी मुकीच झाली असती," हे म्हणाले. "असं हाताला तरी बोलते. इंजिन कसं चाललंय, टायरात हवा किती, सगळं येतं हातात. सैल ठेवलं की आणखी येतं." मी विचारलं, "डॉक्टरकडे गेला होतात?" हे म्हणाले, गेलो होतो, एकटाच. एक कान पुरता गेलाय, दुसराही जायला लागलाय. कानाला मशीन लावून घरात थोडंफार भागेल. पण भाड्याची गाडी आता नाही, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं. "आणि तरी तुम्ही—" मी म्हटलं. "आणि तरी मी," हे म्हणाले. "मला वाटलं हात आहेत. हातांवर निघून जाईल." मग माझ्याकडे न बघता बोलायला लागले. "पण मागून येणारं हाताला कळत नाही गं. परवा एका वळणावर मी मधोमध चाललो होतो. मागे रुग्णवाहिका होती. किती वेळ होती कुणास ठाऊक, आरसा बघितलाच नाही मी. शेवटी एक माणूस स्वतःच्या गाडीतून उतरून पळत आला आणि माझ्या काचेवर थापा मारायला लागला. काच खाली केली तर तोंड लाल करून म्हणाला, बहिरा आहेस का? त्याच्या तोंडावरून कळलं. मी म्हटलं, हो." हे थांबले. "पहिल्यांदाच बोललो. त्या परक्या माणसाला सांगितलं. तुला नाही सांगता आलं."

माझा राग तिथे कुठे तरी संपला. पूर्ण नव्हे, पण पाय दुखून बसतो माणूस तसा बसला. मी विचारलं, "रुग्णवाहिकेत कोण होतं?" आणि विचारता विचारता माझं मलाच कळलं की हे ह्यांना ठाऊक असणं शक्य नाही, आणि हेच ह्यांना खात असणार. हे नुसते मान हलवत राहिले. बाहेर लेक कुणाशी तरी फोनवर बोलत होती, बाळ रडत होतं. मला ऐकू येत होतं आणि ह्यांना नाही, आणि मला प्रथमच त्याची लाज वाटली, आपण दोघांनी मिळून खायचं ते एकटीनं खाल्ल्यासारखी. काही वेळानं हे म्हणाले, "रबरीच बसव आता. पोरीला धक्के बसतील." मी म्हटलं, "माझ्या हातचं काढून त्या चिकट्याचं रबर बसवू? मेले तरी बसवणार नाही. उशीवर बसेल ती." हे हसले. या वेळी खरंच ऐकून हसले. म्हणाले, "मग मापात ठेव. जेवढं पाहिजे तेवढंच."

मी विचारणार होते, रविवारी चालवणार कोण. तोंडापर्यंत आलं होतं. पण ज्या माणसानं जन्मभर दुसरं काही केलं नाही त्याच्या हातातून स्टिअरिंग ओढून कसं घेतात, हे मला कुणी शिकवलेलं नव्हतं. माझ्याकडेही परवाना आहे. पण गर्दीच्या रस्त्यावर मी गाडी घेतली की हे शेजारी बसून पाय आपटायचे, जिथे ब्रेक नाही तिथे, आणि शेवटी मीच कंटाळून सोडून दिलं. आणि ह्यांना 'नाही' म्हणायची वेळ माझ्यावर आली असती तर मी म्हटलं असतं का? म्हटलं असतं, बाळाकडे बघून. पण त्यानंतर हे माझ्याकडे कसे बघतील, त्याचा विचार मी करत नव्हते असं नाही. शनिवारी बुशं दाबून बसवली. आवळून भोक लहान झालं. सगळं गार होईपर्यंत थांबले, मग रीमर फिरवला, सावकाश, तेल सोडत. ह्यांनी आर्म धरून ठेवला होता. पिनेला तेल लावून भोकावर उभी धरली आणि सोडली. ती पडली नाही, अडलीही नाही. आपल्याच वजनानं हळूहळू खाली उतरत गेली आणि तळाला टेकली. "असं पाहिजे," हे म्हणाले, आणि ग्रीसनं भरलेला अंगठा त्यांनी माझ्या हाताला पुसला, मुद्दाम, लग्न झालं तेव्हा पुसायचे तसा. चाकं चढवली. मी हलवून बघितलं. काही हललं नाही.

रविवारी सकाळी लेक उशीवर उशी ठेवून मागे बसली, बाळ मांडीत गुंडाळलेलं. सामान भरून झालं. हे किल्ली घेऊन आपल्या बाजूच्या दाराशी गेले, पायाला सवय तिकडचीच. दार उघडलं, एक हात टपावर ठेवला आणि तिथेच उभे राहिले. मी पलीकडच्या दाराशी उभी. माझं काळीज असं धडधडत होतं की मला दुसरं काही ऐकू येत नव्हतं. मी मनाशी ठरवलं होतं, हे बसले तर मी बोलणार, लेकीसमोर बोलणार, मग काय व्हायचं ते होवो. ह्यांनी आत वाकून आपली सीट बघितली. त्या सीटचा खड्डा ह्यांच्याच आकाराचा झालाय. मग सरळ उभे राहिले आणि टपावरून किल्ली माझ्याकडे सरकवली. गाडीला वळसा घालून आले, माझ्याजवळून गेले आणि माझ्या जागेवर बसले. लेक म्हणाली, "हे काय, बाबा? तुम्ही नाही चालवत?" ह्यांना ऐकू आलं नव्हतं. पण आरशात तिचं तोंड दिसलं असावं, कारण हे म्हणाले, मोठ्यानं, ज्याला स्वतःचा आवाज कळत नाही त्याच्यासारखं मोठ्यानं, "मला ऐकू येत नाही गं. वर्ष झालं."

मी गाडी सुरू केली. सीट पुढे ओढायची राहून गेली होती, पाय जेमतेम पोचत होते. मागे लेक हळू आवाजात काही तरी बोलली, रडत बोलली, मलाही अर्धंच कळलं. मला आठवलं, ही लहान होती तेव्हापासून शाळेत जाताना, येताना, तापानं फणफणलेली असताना, सगळं ह्यांच्या मानेशीच बोलत आलीय. गाडी चालवणाऱ्याला मागे वळता येत नाही. ह्यांनी पट्टा ढिला केला, सीटवर गुडघा घेतला आणि अख्खे मागे वळले, तोंड तिच्या तोंडासमोर येईपर्यंत.

"परत बोल," हे तिला म्हणाले.